बावन्न दात्यांचं चाक

शेलूबाजारच्या हायवेवर रामधनचं सायकलचं दुकान तीस वर्षांपासून आहे, आणि या तीस वर्षांत त्याने कोणाचं ऐकून घेतलं असेल तर शपथ. दूधवाले यायचे, शाळेतले पोट्टे यायचे, सायकल जोरात पळाली पाहिजे म्हणायचे. रामधन पायडलचं दातेरी चाक काढून त्याहून मोठं बसवून द्यायचा. अठ्ठेचाळीस दात्यांच्या जागी बावन्न. सायकल सुसाट. मोठं चाक म्हणजे ताकद, हे त्याच्या डोक्यात असं पक्कं बसलं होतं की पान्याने खोलूनही निघालं नसतं.

दोन वर्षांमागे त्याच्या बायकोला, गोजराबाईला, लकवा मारला. वाचा वाचली, हात वाचले, पण डावा पाय अर्धा राहिला. काठी टेकून अंगणापर्यंत, बस. मग रामधनने दोन भंगार सायकली कापल्या आणि तिच्यासाठी एक तीनचाकी जोडली. पुढे दोन बारकी चाकं, मागे एक मोठं. बसायची जागा जमिनीपासून हातभर वर, पाठीला टेका, पाय समोर लांब करून मारायचं पायडल. बसायला खाटेची नवार ताणलेली. गावातले लोक म्हणाले, रामधनने बायकोला खाटेसकट फिरायला काढलं! गोजराबाई हसली. तोल जायचं भेव नाही, पडायचं भेव नाही, चक्कीवर जाऊन दळण आणते, आणखी काय पाहिजे?

आणखी एक गोष्ट पाहिजे होती. त्यांचं शेत गावामागच्या टेकाडावर, मुरमाड बरडावर. मध्ये तीनशे पावलांची चढण. बैलसुद्धा तिथे फुसफुसत चढतात. दरसाल कपाशी फुटली की पहिल्या वेचणीआधी सीतादही करायचं. घरच्या बाईने मडक्यात दहीभात न्यायचा, झाडाखाली पाच दगड मांडून हळदकुंकू लावायचं, दहीभात शिंपायचा, आणि पहिलं बोंड आपल्या हाताने तोडायचं. मग बाकीच्या बाया ओळीत लागतात. मागच्या साली पोराने तिला पाठीवर बसवून वर नेलं. मजुरीच्या बाया पदर तोंडाला लावून पाहत होत्या. गोजराबाईने दहीभात शिंपला, पण मान काही वर केली नाही.

"यंदा मी माझी मी जाईन," तिने दसऱ्यालाच सांगून टाकलं. "पाठीवर नाई, बैलाच्या खाचरात नाई, अन् मले लोटाचंबी नाई. नाई जमलं तं मडकं नीलिमाच्या हाती देतो, अन् त्या वावराचं पुन्हा नाव काढत नाई."

नीलिमा म्हणजे सून. पोरगी गुणाची, मडकं तिच्या हाती जाणं काही वाईट नव्हतं. पण रामधन धास्तावला तो वेगळ्याच गोष्टीने. गोजराबाईचं सोडणं त्याला माहीत होतं. लकव्यानंतर भाकरी थापणं जमेना, तेव्हा तिने भाकरी सोडली आणि त्यासोबत चूल सोडली, शेजारीण सोडली, महिनाभर बोलणंही सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. त्या महिन्यात रामधनला अन्न गोड लागलं नाही. या खेपेला वावर सुटलं तर काय काय सुटेल, हा विचारही त्याला नको होता.

सीतादहीला आठ दिवस होते. त्याने गाडी चढणीला लावून पाहिली. वीस पावलांवर गोजराबाईचा पाय अडकला, पायडल हलेना.

"थांब," रामधन म्हणाला. "ताकद कमी पडून राह्यली. उद्या पाह्य."

दुसऱ्या दिवशी त्याने बावन्न दात्यांचं चाक लावलं. तेलपाणी केलं, चकचकीत पुसलं. या खेपेला गाडी पाच पावलं चढली, थबकली आणि उलटी मागे यायला लागली. रामधनने धावत जाऊन धरली म्हणून बरं, नाहीतर बाई थेट हापशीवर जाऊन आदळली असती.

"काय लावलं वो तुमी?" गोजराबाईचा श्वास फुलला होता.

"मोठं चाक. ताकदीचं."

"डोक्यावर काडीचा भारा असला तं या चढनीनं कसं जातेत, पाह्यलं का कधी? मोठी ढांग टाकली तं बाई तिथंच बसते. बारके बारके पावलं टाका लागते. हे तुमचं चाक माह्याकडून ढांगा टाकून घेऊन राह्यलं."

"तीस वर्षं झाले मले या धंद्यात!"

"अन् मले बत्तीस वर्षं झाले या चढनीत."

रामधनच्या अंगाचा तिळपापड झाला. गंमत म्हणजे, बत्तीस वर्षांत तो ही चढण ओझं घेऊन एकदाही चढला नव्हता. वावर बायकोचं, दुकान त्याचं, अशी वाटणी आपोआप पडली होती. सीतादहीलासुद्धा तो कधी वर गेला नव्हता. पंक्चरचं गिऱ्हाईक आलं तर, म्हणायचा.

सकाळी दुकानात जायच्या आधी त्याने गव्हाचं पोतं डोक्यावर घेतलं आणि चढणीला लागला. आधी ढांगा टाकत गेला. पंधराव्या ढांगेला मांड्या भरून आल्या, डोळ्यांपुढे काजवे. मग बारकी पावलं टाकली. हळू, अगदी मुंगीसारखी, पण वर पोहोचला. वर कपाशीच्या बांधाला, धुऱ्यावर, पोतं टाकून तो मटकन बसला. इतकी वर्षं ही बाई रोज हे करत होती आणि आपण तिला चाकातली ताकद शिकवत होतो! त्याला स्वतःची मोठी लाज वाटली.

उतरताना शेजाऱ्याने विचारलं, "रामधनभाऊ, पोतं घेऊन कुठं गेलते?"

"दयन टाकाले," रामधन म्हणाला. टेकाडावर चक्की नव्हती.

त्या दिवशी त्याने दुकानाचं अर्धं शटर ओढलं. पोरांच्या सायकलचं अठ्ठावीस दात्यांचं चाक पायडलला लावलं. भंगारातल्या गिअरच्या सायकलचं चौतीस दात्यांचं चक्र मागच्या चाकाला बसवलं. चेन ढिली पडली, तिच्या चार कड्या काढल्या. आता पायडलचा पूर्ण फेरा मारला तरी मागचं चाक पूर्ण फिरत नव्हतं. पाहून त्याच्या कारागिराच्या मनाला यातना झाल्या. अशी मरतुकडी सायकल त्याने जन्मात बनवली नव्हती. शेवटी नवारीचा एक पट्टा कापून डाव्या पायडलभोवती शिवला, म्हणजे तिचा अर्धा पाय निसटणार नाही.

सीतादहीच्या दिवशी दुकान बंद होतं. बंद! हायवेवरच्या चहावाल्याने घरी निरोप पाठवून तब्येत विचारली.

नीलिमा आणि बाया आधीच वर गेल्या होत्या. गोजराबाईने मांडीवर दहीभाताचं मडकं धरलं, रामधनने तिचा डावा पाय पट्ट्यात अडकवला आणि हातात एक मोठा दगड घेतला. ब्रेक त्याने स्वतः बसवला होता, म्हणूनच त्याचा त्यावर भरवसा नव्हता.

"लोटू नोका," ती म्हणाली.

"नाई लोटत."

गाडी चढायला लागली. इतकी हळू की एक कोंबडी पुढून निघून गेली. पायडल गरगर, चाक मात्र इंच इंच. साठ पावलांवर गोजराबाई थांबली, रामधनने चाकामागे दगड लावला. ती दम घ्यायची, मान हलवायची, तो दगड काढायचा. अर्ध्यावर तिचं तोंड लालभडक झालं आणि डाव्या पायाला कापरं भरलं. रामधनचा हात आपोआप पाठीच्या टेक्याकडे गेला. एक धक्का, फक्त एक, तिला कळलंही नसतं. त्याने हात मागे घेतला आणि आपल्याच पाठीशी घट्ट धरून ठेवला. आयुष्यात त्याने पुष्कळ जड कामं केली होती, पण असं जड काम नव्हतं केलं.

"बारके बारके," तो म्हणाला. "बारके पावलं, गोजरा."

"मले नोका शिकवू," ती म्हणाली, आणि पुढे निघाली.

सात वेळा दगड लागला. आठव्यांदा लावायला तो वाकला, तर वर चढणच उरली नव्हती. समोर पांढरी फुटलेली कपाशी, धुऱ्यावर उभ्या बाया, आणि कोणाचाही पदर तोंडाला नव्हता. रामधनचा जीव भांड्यात पडला.

नीलिमा धावत आली. गोजराबाईने मांडीवरचं मडकं उचललं आणि तिच्यापुढे धरलं.

"घे. आता तू कर."

रामधन दगड हातात घेऊनच पुढे आला. "अवं, मंग एवढं कायले केलं? मी चेन तोडली, पोतं वाहलं..."

"खालून देलं असतं तं हरलो म्हनून देलं असतं," गोजराबाई म्हणाली. "आता वर येऊन देऊन राह्यलो. माह्या हातानं."

नीलिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मडकं घेतलं, दगड मांडले, दहीभात शिंपला. पण बोंडाला हात लावेना. "आई, यंदाचं पहिलं तुमीच तोडा," म्हणाली आणि फांदी वाकवून सासूच्या हाताशी आणली.

गोजराबाईने बोंड तोडलं. कापूस थोडा वेळ मुठीत ठेवला, मग रामधनचा काळा, तेलकट तळवा ओढून त्यात घातला.

"बत्तीस वर्षांत पह्यल्यांदा सीतादहीले आले तुमी," ती म्हणाली. "चढनीनं माह्यासंगं."

रामधनला रडू आलं. बायांसमोर आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

"आता रडू नोका, उतारावर गाडी कोन धरन?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "अन् थे बावन्न दात्याचं चाक फेकलं तं नाई ना?"

"कायले?"

"उद्यापासून तुमच्या दुकानावर येतो मी. सपाट सडक हाय. या बारक्या चाकानं निघालो तं पोचेपर्यंत दिवस बुडन."

एक गोष्ट हातातून सोडून तिने लगेच दुसरी मागितली, असं या दोन वर्षांत पहिल्यांदाच होत होतं. रामधनने बाहीने तोंड पुसलं. कापूस काळा होऊ नये म्हणून तो मूठ वर धरून उभा होता.

"नाई फेकलं," तो म्हणाला. "रातीच लावून देतो."