फाटकावरचा गुरुवार

त्या गुरुवारी भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्या तपासायचं काम कुंदाकडे होतं.

यवतमाळच्या वेशीबाहेर, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या अंगाला हे घर होतं. दवाखान्यातून दारू सोडून आलेल्या बायकांनी लगेच आपापल्या घरी न जाता काही महिने इथं राहायचं, आपलं आपण रांधायचं, ठरल्या वेळी उठायचं आणि संध्याकाळच्या बैठकीत सगळ्यांसमोर दिवसभराचं खरं सांगायचं. घर चालवणारी रुपीबाई स्वतः याच वाटेनं आलेली. ती म्हणायची, "दारू दवाखान्यात सुटते. मंग दिवस कसा काढाचा, थे कोनी शिकवत नाही."

कुंदाला दिवस काढणंच जमत नव्हतं. नवरा मधुसूदन कचेरीत अधिकारी, सासर वकिलांचं. तिला चक्कर येते, असंच घरात सगळे कितीतरी दिवस म्हणत राहिले, कारण अशा घरातली बाई पिते हे कुणाच्या मनातही येईना. इथं आल्यापासून तिचे हात सारखे काहीतरी शोधत असत. निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडायला घ्यायची. रविवारी मात्र तिला पहिल्यांदा बाहेर जायची मुभा मिळाली होती. मुलीचा, शाल्मलीचा, शाळेत नाच होता.

दुपारी मुकुटबनहून वामनराव आले. इथंच राहणाऱ्या इंदूबाईचा नवरा. "कापूस झाडाले लोंबून राह्यला. भाव नाही तं नाही, पन वेचा तं लागनच ना? इले केव्हा सोडता?" बोलता बोलता त्यांनी पिशवी पुढं केली. तुरीच्या शेंगा होत्या. कुंदानं आत हात घातला आणि शेंगांच्या तळाशी तिच्या बोटांना काच लागली.

तिनं हात बाहेर काढला. "शेंगाच आहेत. जा आत."

आपण असं का म्हणालो, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं.

वामनराव गेल्यावर ती भांडी घासायला बसली आणि उठली. अंगण झाडायला घेतलं, अर्ध्यात खराटा टाकला. शेवटी पाय तिला इंदूबाईच्या खोलीत घेऊन गेले. इंदूबाई खाटेवर बसली होती, जणू वाटच पाहत.

"तुमच्या हाताले लागली होती ना?"

"हो."

"मंग काहून नाही बोलल्या?"

कुंदाची नजर खोलीभर फिरली.

"मीच आनाले सांगतली त्याहीले," इंदूबाई म्हणाली. "दुःख बिख काही नाही. पाह्यजे होती, बस." तिनं उशीखालून बाटली काढली. बूच अजून उघडलं नव्हतं. "अर्धी तुमची, अर्धी माही. दार लावा."

कुंदाच्या तोंडाला पाणी सुटलं. ती दाराशी गेली, कडी चढवली. कडीचा तो आवाज तिच्या ओळखीचा होता. घरी अशीच कडी लावून ती आत बसायची, आणि बाहेरून शाल्मली दार वाजवत राहायची. "आई, भूक लागली." कितीदा तरी.

कडी तिनं कशी काढली, तिलाच आठवेना. अंगणात येऊन ती ओरडली, "रुपीबाई!" आपलाच आवाज ऐकून ती दचकली.

संध्याकाळच्या बैठकीत कुंदानं सगळं सांगितलं. काचेला बोटं लागली तिथपासून. इंदूबाई उसळली. "तुमचं तुम्ही सांगाचं होतं. माहं नाव कायले घेतलं?"

"तुमच्या भल्यासाठी नाही घेतलं, इंदूबाई. बाटली घरात राहिली असती तर मी प्यायले असते. आज नाही तर उद्या."

रुपीबाईनं बाटली मोरीत ओतली. वास खोलीभर पसरला, आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मग ती म्हणाली, "आतापासून दोघीही फाटकाबाहेर जानार नाही. बाटली आत आली तं बाहेर जानं बंद, हा नियम मी एकटीनं नाही केला, तुम्ही साऱ्याजनींनं केला."

"रविवारी शाल्मलीचा नाच आहे, रुपीबाई."

"ठाऊक हाय मले." रुपीबाईनं शब्द बदलला नाही.

रविवारी सकाळी कुंदानं फोन लावला. मधुसूदन म्हणाला, "तिला सांगतो, आईला बरं नाही म्हणून."

"नको. तिलाच द्या."

शाल्मली फोनवर आली. कुंदा भराभर बोलून मोकळी झाली. "मी इथं बाटली येऊ दिली, बेटा. कळूनही आत जाऊ दिली. म्हणून मला येता येत नाही."

शाल्मलीनं विचारलं, "प्यायलीस?"

"नाही."

"बाबा बोलावताहेत. उशीर होतोय." फोन बंद झाला.

दिवसभर कुंदाला कुठं बसवेना. आता मेकअप झाला असेल, आता पडदा उघडला असेल. ऊन उतरलं तरी ती भिंतीपासून भिंतीपर्यंत अंगणात फेऱ्या मारत होती. गुरुवारपासून अबोला धरलेली इंदूबाई ओट्यावरून तिला पाहत होती. मग तीही उठली आणि शेजारून चालू लागली.

"मलेही बसवत नाही," ती म्हणाली. थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "लेक काय म्हने?"

"प्यायलीस का, म्हणाली."

"मंग?"

"नाही म्हणाले." कुंदाला धाप लागली होती. "आजवर हजारदा म्हटलं असेल तिला. खरं आज होतं."

आतून रुपीबाईनं कणीक कोण मळणार म्हणून हाक मारली. दोघींनी ऐकली, आणि आणखी एक फेरी घेतली.