सात दिवस गोळी बंद

आमच्या निशिगंधाचं नाव मीच ठेवलं आणि त्याची शिक्षा मीच भोगतेय. नाव फुलाचं आणि पोरीला फुलांचंच वावडं. ऑक्टोबर संपत आला की मीरा रोडला आमच्या शांती नगरच्या रस्त्यांवर सप्तपर्णीला बहर येतो. लोक म्हणतात, काय मस्त वास येतोय. आमच्या घरात मात्र शिंकांचा कारखाना सुरू होतो. डोळे लाल, नाक चोंदलेलं, छाती वाजतेय. गेल्या वर्षी पोलीस भरतीच्या ग्राउंडला आठशे मीटर धावताना तिचा श्वास कोंडला आणि ती अर्ध्यातच खाली बसली. तेव्हापासून ती झाडं माझ्या डोळ्यांत खुपतात.

यंदा तिने आधीपासून तयारी करायचं ठरवलं. जूनमध्येच ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेली. हे डॉक्टर मीरा रोडला महिन्यातून एकदाच येतात. म्हणाले, पुढच्या महिन्यात हातावर टोचून टेस्ट करू. कशाचा त्रास आहे ते कळलं की लगेच औषध चालू करू, म्हणजे बहर येईपर्यंत शरीर तयार होईल. त्याहून उशीर झाला तर यंदा उपयोग नाही. फक्त टेस्टच्या आधी सात दिवस रोजची ॲलर्जीची गोळी बंद.

सात दिवस! सांगणाऱ्याचं काय जातं?

जुलैतलं दमट घर, भिंतीला ओल. पहिल्याच दिवशी तिला शिंकांनी धरलं आणि मला बसवेना. पडदे उतरवले, चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या, पंख्याची पाती पुसली, परत पुसली. शेजारच्या हंसाबेन दारातूनच म्हणाल्या, "मंदाबेन, नाक में गाय का घी डालो, दो-दो बूंद." तेही घातलं. शेवटी निशी वैतागली. "आई, तू बस ना जरा! तुला बघूनच मला दम लागतोय."

सहाव्या दिवशी रविवार होता. सकाळी धावायला गेली ती अर्ध्यातून परत आली. दुपारी सोफ्यावर तोंड उघडं टाकून श्वास घेत होती, डोळे सुजून बारीक झालेले.

"आई, जमेल ना गं मला?" तिने विचारलं.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आमच्या रत्नागिरीकडे पोरांना कडू औषध द्यायचं ते गुळातून. लहानपणी निशीला प्रत्येक गोळी मी तशीच दिलेली. त्या दुपारी तिच्यासाठी पेज केली आणि सोबत थोडा गूळ मऊ करून दिला. त्यात गोळी कुटून घातली होती. अर्धीच. अर्ध्या गोळीने काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं.

"कडू लागतोय गं."

"जुना गूळ आहे. खा."

ती चार तास गाढ झोपली. मी बऱ्याच दिवसांनी खाली बसून गरम चहा प्यायले. खरं सांगते, मला काडीचाही पश्चात्ताप झाला नाही.

मंगळवारी टेस्ट होती. डॉक्टरांनी तिच्या हातावर पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर एकेक थेंब टाकला आणि टोचलं. वीस मिनिटं थांबायचं होतं. निशी हाताकडे टक लावून बसली. हात तसाच्या तसा. ना लाली, ना सूज.

"म्हणजे मला ॲलर्जी नाहीच?" तिचा चेहरा उजळला.

डॉक्टरांनी एका खुणेवर बोट ठेवलं. "हा थेंब कोणालाही टोचला तरी सूज यायला पाहिजे. तुला नाही आली. तू गोळी घेतलीयस."

"नाही घेतली."

"अंगात औषध आहे, त्याशिवाय असं होत नाही."

"नाही घेतली, डॉक्टर!" तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आईची शपथ."

डॉक्टर हसले. "पोलिसात जायचंय ना तुला? मग खोटं कशाला बोलतेस?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिचा हात अजून माझ्या डोक्यावर होता. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

"मी दिली," मी म्हटलं. "गुळातून. तिला माहीत नव्हतं."

डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची तारीख लिहून दिली. "टेस्ट करू, पण या बहरासाठी आता उशीर होणार," एवढंच म्हणाले.

बाहेर आल्यावर मी वाट बघत होते की ती ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडले असते, दोघी रडलो असतो आणि रिक्षात बसलो असतो. ती नाक पुसत कोपऱ्यापर्यंत चालली. मग थांबली आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"आई, पुढच्या महिन्यात ते सात दिवस माझं जेवण मी करीन. पाणीसुद्धा मीच घेईन."

मी हो म्हटलं.