लखन कुमऱ्याची हजेरी

वर्ध्याच्या पोलीस मैदानावर दर एकवीस ऑक्टोबरला रामबाई कुमरे न चुकता यायची, आणि तिला बोलावणं मात्र कुणी कधी धाडलं नव्हतं. त्या दिवशी कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांची नावं वाचतात. आधी देशभरातली यंदाची, मग आपल्या जिल्ह्यातली आजवरची. शहिदांच्या घरच्यांसाठी पुढं सोफे मांडतात, त्यांवर पांढरे टॉवेल अंथरतात, नावाच्या चिठ्ठ्या लावतात. रामबाईच्या नावाची चिठ्ठी नसायची. ती मागच्या कडुनिंबाखाली पिशवी टेकून बसायची आणि कान तेवढे पुढं पाठवायची.

फाटकावरचा शिपाई दर वर्षी नवा, प्रश्न मात्र तोच.

"कोनाच्या घरच्या तुमी, मावशी?"

"लखन कुमऱ्याच्या."

तो यादीवरून बोट फिरवायचा. "नाव नाई इथं."

"माहीत हाय मले. यंदा तरी घेते का, तेच ऐकाले आली."

लखन तिचा नवरा. जामजवळच्या गोंडांच्या वस्तीतला पहिला पोलीस. भरती झाल्यापासून त्याची ऐट अशी, की रामबाईनं जेवायला हाक मारली तरी गडी 'आलो' म्हणायचा नाही. टाचा जुळवून, छाती काढून म्हणायचा, "हजर!" ती भाकर उलटता उलटता हसायची. "घरात कोन हजेरी घेऊन राह्यलं तुही?" असं वर म्हणायची, आणि मनातून तिला ते फार आवडायचं.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू येत नाही असं नव्हे. लपून येते एवढंच. अठरा वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, संध्याकाळी, लखन जामच्या नाक्यावर उभा होता. पेट्यांनी भरलेली गाडी सुसाट आली. लखननं लोखंडी अडथळा रस्त्यात आडवा ओढला, पण स्वतःला बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही. गाडी अडकली, माल सापडला, चालक सापडला. लखन जागच्या जागी गेला.

आणि कागदावर तो तिथं नव्हताच. ड्युटीच्या रजिस्टरात त्या दिवशी नाक्यावर नाव होतं शिपाई हेमराजचं. लखनची साप्ताहिक सुटी. आता पोलिसांची एक जुनी खोड आहे. सणासुदीला आपसांत तोंडी अदलाबदल करायची. आज तू माझी कर, दसऱ्याला मी तुझी करतो. रजिस्टर आहे तसंच राहतं, वरच्यांना पत्ता लागत नाही, आणि नव्याण्णव वेळा कुणाचं काही बिघडतही नाही. लखनची वेळ शंभरावी होती.

चौकशीत हेमराजनं सांगितलं, ड्युटीवर मीच होतो, पाणी प्यायला मागं गेलो होतो. लखन सुटीचा गावाकडे चालला होता, सहज थांबला. अदलाबदलीला मान डोलवणारे हवालदार रूपराव. त्यांनाही आपली मान सांभाळायची होती, त्यांनी री ओढली. झालं. 'सुटीवर असताना रस्ता अपघात.' सरकारी कागद म्हणजे चिखलात बसलेली म्हैस, एकदा बसली की उठता उठत नाही.

"मंग आंगात वर्दी काऊन होती त्याच्या?" रामबाईनं विचारलं होतं. "दुपारी मले सांगून गेलता तो. म्हणे, हेमराजच्या पोरीचा लाकडी नंदी हाय सिंदीच्या पोळ्यात, पोट्टी रडून राह्यली, मी उभा राह्यतो त्याच्या जागी."

बायकोचं सांगणं पुरावा धरत नाहीत, असं तिला समजावण्यात आलं. तिनं ऐकून घेतलं आणि समजून मात्र घेतलं नाही. पुढं रूपराव वारले. रामबाई जामच्या थांब्यावर आणि जत्रांमधून उकडलेल्या शेंगा विकत राहिली, दर ऑक्टोबरात वर्ध्याला जात राहिली. नातेवाईक म्हणायचे, सोड आता. ती म्हणायची, तुमाले सोडतो, त्याले नाई.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. गेल्या वर्षी ती तान्ह्या पोळ्याला सिंदीला शेंगा घेऊन गेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा हा लेकरांचा सण. लाकडी बैल सजवून आणायचे, नंदी म्हणतात त्यांना, आणि सगळ्यांत देखण्या नंदीला बक्षीस. मंडळानं त्या वर्षी जुन्या विजेत्यांचे फोटो मोठे करून मांडवात लावले होते. रामबाई शेंगा मोजता मोजता थबकली.

गुलाबी फ्रॉकातली चारेक वर्षांची पोर, हातात शिंगांना बेगड लावलेला नंदी. मागं तिच्या डोक्यावर हात ठेवून दात काढणारा हेमराज. खालच्या कोपऱ्यात, त्या काळच्या कॅमेऱ्यांतून उमटायचे तसे नारिंगी आकडे: तारीख आणि वेळ. रामबाईला फार वाचता येत नव्हतं, पण ती तारीख तिनं अंधारातही ओळखली असती. वेळ होती पाच वाजून बावीस मिनिटं. लखनच्या मरणाच्या कागदावर साडेपाच. आठ मिनिटांत सिंदीहून जामला पोचायला हेमराजकडे उडनखटोला नव्हता.

टोपली तिथंच टाकून तिनं मंडळाच्या अण्णाजींना गाठलं आणि फोटोची प्रत काढून घेतली. अण्णाजी म्हणाले, सरळ एसपी ऑफिसले जा. तिनं मान हलवली.

"फोटोले खोटं म्हणता येते. मानूस सोताच बोलला, का कोन खोटं म्हणन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोरगाव मेघेला हेमराजच्या दारात उभी राहिली. हेमराज आता जमादार झाला होता, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. दार उघडलं त्याच्या मुलीनं, आचलनं. ही पोलीस भरतीची तयारी करत होती. दाराशी धुतलेले पळायचे बूट वाळत होते.

"हा तुहाच नंदी व्हय ना, बाई?" रामबाईनं फोटो पुढं केला.

आचलचा चेहरा खुलला. "अवो हो! पहिला नंबर आलता माहा! बाबाच घेऊन गेलते मले. तुमाले कुठं भेटला हा?"

आतून हेमराज आला. त्यानं आधी रामबाईला पाहिलं, मग फोटो, मग कोपऱ्यातले आकडे. खाई त्याला खवखवे. तो भिंतीला धरून खाली बसला.

"बाबा, का झालं?"

"त्याच टायमाले माहा मानूस तुह्या बापाच्या जागी जामले उभा होता," रामबाई म्हणाली. "आठ मिनिटानं मेला."

आचल बापाकडे बघत राहिली. तो नाही म्हणेल याची ती वाट पाहत होती. त्यानं मान खाली घातली.

"माह्या नंदीपायी?" तिनं विचारलं.

सतरा वर्षं रामबाईनं या माणसासाठी एकेक शिवी जपून ठेवली होती. पण पोरीचं तोंड पाहिलं आणि तिनं तिला जवळ ओढलं.

"नाई, माय. नंदीचा गुन्हा नाई अन् तुहाही नाई. बाप सणाले लेकराजवळ गेला, त्यातही पाप नाई. लखननं खुशीनं देली त्याले सुटी." मग ती हेमराजकडे वळली. "पन हेमराजभाऊ, तो जित्ता होता तवा तुमाले नाक्यावरची जागा नोको होती. तो मेल्यावर काऊन घेतली?"

हेमराज लहान पोरासारखा रडला. "भेव वाटलं, वहिनी. नोकरी जाईन वाटलं. मंग रोज वाटे, उद्या सांगतो."

आचल उठली. आतून वही आणि पेन आणून तिनं बापाच्या पुढ्यात ठेवलं.

"लिहा, बाबा. आजच. नाही तं म्या ती वर्दी कोन्या तोंडानं घालू?"

त्यानं लिहिलं. चार पानं लिहिली, आणि दुपारी स्वतः जाऊन एसपी मॅडमच्या टेबलावर ठेवली. चौकशीला वर्ष लागलं. हेमराजचं पद खाली आलं, बाकी जे व्हायचं तेही झालं, आणि त्यानं कुठंही अपील केलं नाही. म्हैस एकदाची उठली.

यंदा बोलावणं आलं. एक महिला शिपाई गाडी घेऊन वस्तीत आली, तेव्हा आख्खी वस्ती रस्त्यावर उतरली. रामबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. फाटकावर या वेळी कुणी काही विचारलं नाही. उलट कडक सलाम आला, आणि तिनं तो पुढारणीसारखा मानेनंच घेतला. पुढच्या सोफ्यावर चिठ्ठी होती. तिनं ती काढून पिशवीत टाकली. पाठीमागं वळून पाहिलं तर कडुनिंबाखाली, तिच्या नेहमीच्या जागी, साध्या कपड्यांत हेमराज उभा होता. शेजारी आचल. रामबाईनं दोघांना हातानं खूण केली, थांबा म्हणून.

बिगुल वाजलं. तुकडीनं बंदुका उलट्या केल्या, माना खाली घातल्या. देशभरातली यादी लांबलचक होती. प्रत्येक नावाबरोबर कुणीतरी रामबाई असणार, असं तिच्या मनात आलं आणि ती एकही नाव सुटू न देता ऐकत राहिली. मग जिल्ह्याची यादी सुरू झाली. ती सोफ्याच्या कडेला सरकली. एक नाव झालं, दुसरं झालं.

"पोलीस शिपाई लखन कवडू कुमरे."

मैदानावर त्या वेळी कुणी बोलायचं नसतं, हे रामबाईला अठरा वर्षांच्या अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. पण हाक आली होती आणि तिचा माणूस हाकेला उत्तर दिल्याशिवाय कधी राहिला नव्हता. ती ताडकन उभी राहिली. टाचा जुळवल्या, छाती काढली.

"हजर!"

आवाज मैदानाच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. यादी वाचणारा अधिकारी थांबला. तुकडीतल्या कुणाची मान हलली नाही, पण एसपी मॅडम वळल्या, रामबाईकडे पाहिलं आणि हात कपाळाशी नेऊन सलाम केला, पुरता, सावकाश. मागं कडुनिंबाखाली आचलनंही हात वर नेला.

रामबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. मॅडमनी हातानं बसा म्हणून खुणावलं, तरी ती बसली नाही. यादीतलं शेवटचं नाव होईपर्यंत ती टाचा जुळवून उभीच राहिली.