फावड्यावरची कोंबडी

पंचाहत्तरीला काय करायचं, असं मी बाबांनाच विचारलं तेव्हा ते म्हणाले, "काही करू नकोस." आई गेल्यापासून त्यांचं बोलणं असंच आटत चाललं होतं. म्हणून मी आणखी काही न विचारता तळ्याकाठचं एक घर दोन दिवसांसाठी भाड्याने घेतलं आणि त्यांच्या दोन जुन्या सोबत्यांना फोन करून बोलावलं.

हे तिघं एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होते. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिथे धुवून वाफेच्या इस्त्रीखालून निघायचं. ती वाफ तयार करणारा कोळशाचा बॉयलर बाबांच्या ताब्यात असायचा. मुकादमकाका सगळ्यांवर देखरेख करायचे. तिसरे फिटर. त्यांच्या खिशात कायम पाना असायचा म्हणून त्यांचं नावच पाना पडलं होतं. पुढे धुलाईचं काम बाहेरच्यांना दिलं गेलं, बॉयलर थंड झाला आणि तिघं तीन दिशांना पांगले. भांडण नाही, तंटा नाही. भेटणं राहून गेलं, ते राहिलंच.

घर छान होतं. काचेचा दरवाजा सरकवला की हिरवळ, तिच्या टोकाला तळं, आणि भिंतीलगत गॅसवर चालणारी बार्बेक्यूची शेगडी. मी सकाळीच कोंबडीचे तुकडे लिंबू, लसूण आणि मिरपूड चोळून मुरत ठेवले होते. पानाकाका काठी टेकत आले, मुकादमकाका कानात यंत्र घालून. तिघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली, तिघंही "अरे वा" म्हणाले आणि खुर्च्यांत बसले. मग गप्पा सुरू झाल्या त्या गुडघ्यांच्या. गुडघे संपले तेव्हा गोळ्यांवर आल्या. गोळ्याही संपल्या. बाबा तळ्याकडे बघत राहिले, पानाकाका काठीच्या मुठीकडे. मी मनात म्हटलं, झालं, डोंगर पोखरून उंदीर निघाला.

शेगडी पेटवली, तुकडे जाळीवर मांडले. एक बाजू जेमतेम पांढरी पडली असेल, ज्योत फडफडली आणि गेली. सिलिंडर रिकामा. घरमालकिणीला फोन केला तर ती बिचारी ओशाळून म्हणाली, नवा सिलिंडर आता सकाळीच मिळेल.

"पाव आहे, लोणी आहे," मी म्हटलं. "आज त्यावर भागवू."

"कोंबडी समोर असताना पाव?" पानाकाका म्हणाले.

मुकादमकाका खुर्चीत पुढे सरकले आणि बाबांकडे बघून शांतपणे म्हणाले, "गवई, फावडं काढ."

गवई कोण, हे मला कळेना. पण बाबा उठले.

बागेच्या अवजारांच्या खोलीतून त्यांनी एक फावडं शोधून आणलं. वाळूने घासलं, नळाखाली धुतलं, मग मला म्हणाले, "किटलीभर पाणी उकळून आण, यावर ओतू." घरात शेकोटीसाठी रचून ठेवलेली लाकडं आणली. वाफ्याच्या कडेच्या विटा काढल्या. "उद्या परत लावू," असं मला बजावूनही झालं. आता अडचण एवढीच होती की तिघांपैकी एकालाही खाली बसता येत नव्हतं. तेव्हा गुडघे टेकून विटा मांडायच्या आणि फुंकर घालायची ती मीच.

"वारा डावीकडून आहे, पोरी," मुकादमकाका खुर्चीतून म्हणाले. "तोंड तिकडे कर."

"हे अजून उंटावरूनच शेळ्या हाकतात," पानाकाका मला म्हणाले. "बॉयलरपाशी कधी आले नाहीत. वास सुटला की मात्र हजर."

"तपासायला यायचो."

"हाडं तपासायला."

बाबा हसले. खांदे हलवत, आवाज न करता. हे हसणं मी विसरूनच गेले होते.

निखारे झाल्यावर बाबांनी फावड्यावर लोणी सोडलं, तुकडे ठेवले आणि दांडा विटेवर टेकवून ते उभे राहिले. रात्रपाळीला ते असंच करायचे, पानाकाका सांगत होते. भट्टीचं दार उघडायचं, फावडं आत धरायचं, आणि चादरी वाळेपर्यंत जेवण तयार. आमचा आजचा पहिला घाणा मात्र एका बाजूने कोळसा झाला आणि सोबत म्हणून मी राखेत पुरलेले बटाटे कच्चे निघाले.

"तेव्हाही असंच व्हायचं?" मी विचारलं.

"व्हायचं की," बाबा म्हणाले. "पण तेव्हा भूक मोठी होती."

दुसरा घाणा जमला. आम्ही बोटं भाजत, फुंकत, हातानेच खाल्लं. तेव्हा मी विचारलं, "गवई कशावरून?"

"गायचा ना," पानाकाका म्हणाले. "पाळीभर."

"बाबा? घरात तर कधी गुणगुणलेसुद्धा नाहीत."

"बॉयलरच्या घरघरीत कोणाला काही ऐकू जायचं नाही, म्हणून तर गायचा. आम्हाला नुसतं तोंड हलताना दिसायचं."

"आईला माहीत होतं?"

बाबांनी तुकडा उलटला. "लग्न झाल्या झाल्या गाऊन दाखवलं होतं. म्हणाली, आवाज चांगला आहे, पण बॉयलरपाशीच गात जा."

तिघांची हसून पुरेवाट झाली. मग दोघं मागेच लागले. बाबा आढेवेढे घेत राहिले, आणि मी तळ्याकडे तोंड फिरवून बसले तेव्हा कुठे त्यांनी सुरुवात केली. आईचा निकाल योग्य होता. सूर एकीकडे, शब्द दुसरीकडे. मुकादमकाकांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि बाबांच्या ओठांकडे बघत म्हणाले, "हां. आता अगदी तसंच वाटतंय." बाबा थांबले नाहीत. दोन कडवी गायले. पानाकाका काठीने ठेका धरत होते. मी पाठ फिरवलेली होती, ते बरंच झालं.

सकाळी दोघं आत चहा पीत होते, आम्ही विटा परत लावत होतो. मी लावायचे, बाबा पायाने दाबायचे. मध्येच म्हणाले, "एक तुकडा मी रोज कागदात बांधून घरी आणायचो."

"मला आठवत नाही."

"कसं आठवणार? तू झोपलेली असायचीस. तुझी आई पहाटेच उठून वाट बघायची. जिन्याच्या पायरीवर बसून आम्ही दोघं खायचो, आत आवाज नको म्हणून. थंड झालेला असायचा, कडक. ती म्हणायची, पोरीला उठवूया, तिलाही मिळू दे. मीच नको म्हणायचो."

"का?"

"तेवढाच वेळ मिळायचा आम्हाला."

मी पुढची वीट लावायला घेतली. मला त्या जिन्याचा थंड कठडा आठवला, बाबांच्या सदऱ्याचा कोळशाचा वास आठवला. त्या दोघांना मात्र तिथे बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. आता ती दोघं दिसत होती, एका कागदावर वाकलेली, हळू आवाजात काहीतरी बोलत.

"ती वाकडी लागतेय," बाबा म्हणाले.

मी वीट सरळ केली. निघायच्या वेळी पानाकाका गाडीत बसले आणि काच खाली करून बाबांना म्हणाले, "पुढच्या खेपेला माझ्याकडे. अंगण लहान आहे, पण शेजारी बहिरे आहेत."

"मग येतो," बाबा म्हणाले, आणि तारीख ठरेपर्यंत त्यांनी गाडीच्या दारावरचा हात काढला नाही.