गेलेला टाय रॉड

बायको त्याला शंकासुर म्हणायची, आणि ते काही उगाच नाही. दूध नासलं तरी ह्याला आधी दूधवाल्याचा संशय, मग पातेल्याचा, मग बायकोचा. पण अपघातात चेंदामेंदा झालेले ट्रक ऑनलाइन लिलावात घ्यायचे, खोलायचे आणि धड पार्ट विकायचे, ह्या धंद्यात हाच स्वभाव कामी येत होता. चौदा फोटोंत डावं चाक एकदाही दिसलं नाही, की डावीकडे पाणी मुरतंय हे तो बसल्या जागी सांगायचा.

त्या दुपारी जेवून तो वखारीच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसला. पडद्यावर एक दहा चाकी होता. केबिन पार आत दबलेली, इंजिन फुटलेलं, चासी वाकडी. खाली शेरा होता, ‘चालकाला डुलकी. पुलाच्या कठड्यावर धडक.’ असला माल फुकट दिला तरी उचलून न्यायचा त्रासच. तरी कोणीतरी दर दोन मिनिटांनी बोली वाढवत होतं. साइटवर बोली लावणाऱ्याचं नाव दिसत नसे, नुसता क्रमांक दिसे.

‘‘ह्या मढ्यात असं काय पुरलंय बाबा?’’ असं पुटपुटत तो एकेक फोटो मोठा करून बघू लागला.

अकराव्या फोटोशी तो थांबला. टाय रॉड, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा, मधोमध तुटून लोंबत होता. त्यावरचं ग्रीस खरवडलं गेलं होतं आणि खालून पांढऱ्या रंगातली दोन अक्षरं वर आली होती. ‘गेला.’ मात्रा उलटीकडे झुकलेली. अशी मात्रा डावखुराच देतो, आणि वखारीत डावखुरा एकच होता.

चिरलेला पार्ट निघाला की तो स्वतः ब्रशनं त्यावर ‘गेला’ लिहायचा आणि वितळवायला भट्टीकडे पाठवायच्या फळीवर ठेवायचा. तिथून हा ट्रकखाली गेला कसा? वखारीत माणसं दोनच. एक तो आणि दुसरा काउंटर सांभाळणारा मेहुणा.

खिडकीतून मेहुणा दिसत होता. स्टुलावर बसून फोनमध्ये डोकं घातलेलं. ह्यानं आत बसून मुद्दाम एक बोली लावली. बाहेर मेहुणा चपापला, त्याचा अंगठा हलला आणि पडद्यावरचा आकडा वर सरकला. ह्यानं पुन्हा लावली. पुन्हा तेच.

अस्तनीतला निखारा! दार ढकलून तो बाहेर आला.

‘‘असे किती गेलेले पार्ट विकलेस? खरं बोल.’’

मेहुण्याचा चेहरा उतरला. ‘‘एकच, दाजी. आणि विकला नाही हो, दिला. तुम्ही तापानं घरी होतात. गिऱ्हाईक आलं, म्हणालं, माझा टाय रॉड काढून ठेवलाय. फळीवर बघितलं तर एकावर ‘गेला’ लिहिलेलं. मला वाटलं, गेला म्हणजे विकला गेला.’’

‘‘आणि त्याचा खरा कुठे होता?’’

‘‘तुमच्या टेबलाखाली, पोत्यात. मला महिन्यानं सापडला. त्याला फोन लावला, लागला नाही. मग त्याच ट्रकचा अपघात झाल्याचं कानावर आलं आणि तुम्हाला सांगायची हिंमत होईना.’’

आता त्याला चोर म्हणता येईना. ‘ते इंजिन कालच गेलं,’ असं गिऱ्हाइकांना तो स्वतःच दिवसातून दहादा सांगायचा.

‘‘ड्रायव्हर?’’ त्यानं विचारलं.

‘‘जिवंत आहे. दवाखान्यात लांबूनच बघून आलो. एक पाय काढलाय. सगळ्यांना एकच सांगतोय, स्टीअरिंग फिरत होतं पण चाकं वळत नव्हती. कोणी ऐकत नाही. मालक म्हणतो, झोपलास, भरपाई विसर.’’ मेहुण्यानं फोन पुढे केला. ‘‘सहा मिनिटं राहिलीत, दाजी. आपणच घेऊ आणि लगेच कापू. कुणाला कळायचं नाही.’’

कापलं की खरंच कुणाला कळणार नव्हतं. तो माणूस जन्मभर झोपाळू ठरणार होता, एवढंच. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. आयुष्यभर साऱ्या जगाचा संशय घेतला, आपल्या ब्रशचा तेवढा कधी घेतला नाही.

तो आत गेला आणि लिलाववाल्यांना फोन लावला.

‘‘त्या दहा चाकीचा लिलाव थांबवा. ड्रायव्हर झोपला नव्हता. टाय रॉड आधीच चिरलेला होता.’’

‘‘हे तुम्हाला कसं माहीत?’’ पलीकडच्या बाईंच्या आवाजात सरळसरळ संशय होता.

मेहुणा दारात येऊन हात जोडून उभा होता.

‘‘अकरावा फोटो मोठा करून बघा, मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘त्यावरचं अक्षर माझं आहे.’’