पाय लागला तर

छाती दाबता दाबता कावेरी सिस्टर मध्येच थांबल्या, उजवा हात पाव्हण्याच्या मनगटाला लावला, तोच कपाळाला लावला आणि पुन्हा दाबायला लागल्या. मागे बसलेल्या पोरींमध्ये खसखस पिकली.

पाव्हणा म्हणजे रबरी पुतळा, डोक्यापासून पायापर्यंत अख्खा. लातूरहून मनस्विनी मॅडमच्या गाडीत आडवा होऊन नांदेडला आला, म्हणून पोरींनी त्याला हे नाव दिलं. बंद पडलेलं हृदय हातांनी दाबून रक्त कसं फिरतं ठेवायचं, हे मॅडम त्याच्यावर शिकवत होत्या. त्याच्या खांद्यात एक दिवा होता. दाब नीट पडला की हिरवा, हात थांबले की लाल.

कावेरी सिस्टरांचा दाब बघून मॅडमसुद्धा खूश होत्या. पण दिवा मधूनमधून लाल व्हायचा आणि कारण दर वेळी एकच. चपला काढून, जमिनीवर गुडघे टेकून बाई इकडून तिकडे सरकल्या की त्यांचं पाऊल पाव्हण्याच्या हाताला लागायचं. पाय लागला की नमस्कार. कंधारला आईने चालायला शिकवलं तेव्हाच हेही शिकवलं होतं. आता जित्याची खोड ती, एका दिवसाच्या शिबिराने कशी जाणार?

सकाळच्या परीक्षेत त्या नापास झाल्या. मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या, पण चेहऱ्यावरची रेषही हलू न देता म्हणाल्या की हात थांबले की मेंदूकडे जाणारं रक्तही थांबतं, दुपारी एकदा पुन्हा संधी देते, त्यानंतर नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. हॉस्पिटलने नवा नियम काढला होता, प्रमाणपत्र नाही त्याला तातडीच्या विभागात ड्यूटी नाही. मॅनेजर राघवेंद्र यांनी तर आदल्या दिवशीच गोड आवाजात सुचवलं होतं, बाई, केसपेपरच्या खिडकीत बसा, तिथे आराम आहे. आराम हा शब्द ऐकला की कावेरी सिस्टरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवरा गेला, लेक निलंग्याला नांदायला गेली, घरात बोलायला भिंती उरल्या. त्या विभागात मात्र दार उघडलं की कुणीतरी 'सिस्टर' म्हणून हाक मारायचं. तेवढ्या हाकेवर त्यांचा दिवस निघायचा. ती गेली तर आपण कुणाच्या, या विचाराने त्यांना खरोखर भीती वाटत होती.

जेवणाच्या सुट्टीत त्यांचा डबा उघडलाच गेला नाही. मनस्विनी मॅडम शेजारी येऊन बसल्या, स्वतःच्या डब्यातली ज्वारीची भाकरी मोडून अर्धी त्यांच्यापुढे ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "सिस्टर, रबर आहे हो ते."

"रबर हाय ते दिसतंय की मला. पन पायाला कुठं कळतंय?"

मॅडमना हसू आलं. आपली आजीही अशीच होती, बसमध्ये परक्या माणसाला पाय लागला तरी वाकायची, असं त्यांनी सांगितलं.

"नमस्कार करू नका असं मी म्हणतच नाही," त्या म्हणाल्या. "नंतर करा. काम संपल्यावर."

"अन् तवर लागलेलं पाप?"

"ते माझ्या माथी."

कावेरी सिस्टरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. पोरगी थट्टा करत नव्हती. मग त्यांनी भाकरीचा तुकडा तोडला.

दुपारी पुन्हा पाव्हण्यापुढे बसल्या. पाऊल लागलं, एकदा नाही, चांगलं तीनचारदा. बोटं शिवशिवली, पण हात छातीवरून हलले नाहीत. दिवा शेवटपर्यंत हिरवा राहिला. मॅडमनी "पास" म्हटल्यावर बाईंनी आधी पाव्हण्याचे पाय शिवले आणि मगच उठल्या. या वेळी पोरींनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच महिन्यात, भर दुपारी, नायगावकडच्या व्यंकटी नावाच्या माणसाला त्याची बायको अंबिका रिक्षातून घेऊन आली. सकाळपासून छातीत दुखत होतं, ॲसिडिटी म्हणून सोडा पीत बसला होता. खाटेवर टेकवला आणि बोलता बोलताच त्याची मान कलंडली. डॉक्टर श्रीनाथ औषधं आणि विजेच्या झटक्याच्या यंत्राकडे वळले. कावेरी सिस्टर मुळात ठेंगण्या, स्टूल शोधण्यात वेळ कोण घालवणार? चपला खाली टाकून त्या सरळ खाटेवर चढल्या आणि दाबू लागल्या.

त्यांचं पाऊल त्याच्या पंजाला लागलेलं होतं. शेतात राबून खरखरीत झालेला तो पंजा त्यांना तळव्याला जाणवत होता. त्या थांबल्या नाहीत. दमल्या की जोडीची नर्स विशाखा चढायची, ती दमली की पुन्हा त्या. पदर सुटला, बांगडी फुटली, घाम डोळ्यांत गेला. पण हात थांबले नाहीत.

शेवटी डॉक्टरांनीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सिस्टर, बस झालं. गेले ते."

बाई खाली उतरल्या. डॉक्टर बाहेर अंबिकाला सांगायला गेले, विशाखा यंत्र मागे ढकलू लागली. कावेरी सिस्टरांनी त्याच्या अंगावरच्या वायरी काढल्या, सदऱ्याची बटणं लावली. मग त्याचा तो पंजा दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला.

"दादा, पाय लागत हुता," त्या म्हणाल्या. "थांबता आलं न्हाई."

मग पडदा बाजूला सारून त्यांनी अंबिकाला आत घेतलं आणि कोपऱ्यातलं स्टूल आणून खाटेजवळ ठेवलं.