बाई थांबल्या, फीत फिरत राहिली

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या गाणाऱ्याच्या घरी पडेन. पडलो तो चौथीच्या वर्गात, टेबलाच्या कडेला. पण सर्दी झालेल्या नाकांतून आलेल्या कवितांनाही गोडी असते, हे मला तिथंच कळलं.

वर्गाच्या बाई आपला तास माझ्यात भरून घ्यायच्या आणि घरी जाऊन ऐकायच्या. कुठं घाई झाली, कुठं चुकलं, हे आपलं आपल्याला कळावं म्हणून. शाळेत त्यांचं आणि माझं फार कौतुक होई.

त्या वर्गात एक गप्प मुलगी होती. वहीत सगळं बरोबर. विचारलं की तोंडाला कुलूप. मोठ्या बाईंनी सांगून टाकलं होतं, निकालाआधी ती बोलली नाही तर याच वर्गात राहील. त्या दिवसापासून बाई प्रत्येक तास घरी दोन-दोनदा ऐकू लागल्या.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाजत होतो. मटार सोलता सोलता बाईंची नणंद म्हणाली, "वहिनी, वर्गात मुलं होती ना?"

"होती की. का गं?"

"नाही, प्रश्न तुझा, उत्तरही तुझंच. म्हटलं, सुट्टी असेल."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी फीत मागं नेऊन पुन्हा लावली. मुलं विचारात पडली की फीत फुकट जाऊ नये म्हणून त्या मला बंद करायच्या. क्षणभर वाट पाहायच्या, मग मला सुरू करून स्वतःच उत्तर द्यायच्या. मुलांचं विचार करणं माझ्यात कधी उतरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला विचारलं, उन्हात ठेवलेल्या ताटलीतलं पाणी कुठं जातं? आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. फीत फिरत राहिली. पंखा कुरकुरला. पेन्सिल घरंगळली. कुणी खुदकन हसलं, तर बाईंनी नुसती मान हलवली. बोलाआधी ओठ हलतो, ओठाआधी श्वास हलतो. तो श्वास मी पहिल्यांदाच टिपला.

"त्याची वाफ होते," मुलगी म्हणाली. मग कुणी विचारलं नसताना, "ती दिसत नाही ना, म्हणून वाटतं काही होतच नाहीये."

मोठ्या बाईंनी ती फीत पुन्हा पुन्हा ऐकली. मुलगी पाचवीत गेली.

आता मी कपाटावर धूळ खातो. आठवण झालीच तर फडका मारा. पण मित्रांनो, शेजारी कुणी शब्द जुळवत बसलं असेल, तर त्याचं उत्तर तुम्ही देऊन टाकू नका. तुमच्या बाईंनी घाई केली, तर त्यांनाही हळूच सांगा. रागावणार नाहीत. त्याही अजून शिकतायत.